आजची चूक

“घरी जायचं ना, बाळ?”

“हो,” मी म्हणाले.

प्रश्न पुरता संपलाही नव्हता. निंबर्गी मॅडम अजून ‘बाळ’वरच होत्या आणि माझं उत्तर देऊनसुद्धा झालं होतं. त्या हसल्या. त्या बालकल्याण समितीच्या अध्यक्षा. आमच्यासारख्या बालगृहातल्या मुलींनी कुठे राहायचं, कुणाबरोबर जायचं, हे त्यांची समिती ठरवायची.

“मामा नीट सांभाळतील ना?”

“हो.”

“आणि दहावीची परीक्षा बुडवायची नाही हं. मामा पेपरला घेऊन येतील ना?”

“हो.”

माझ्या शेजारी भानुदासमामा हात जोडून उभा होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि डोक्याला भरपूर तेल लावलं होतं. मागे आमच्या संस्थेच्या अधीक्षक अवताडे मॅडम बसल्या होत्या. माझ्या तिसऱ्या ‘हो’ला त्यांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

“मग प्रश्नच मिटला,” निंबर्गी मॅडम म्हणाल्या. “मुलीला कुटुंब मिळतंय, आणखी काय हवं? आदेश टाईप होईपर्यंत बाहेर बसा.”

मला घरी जायचं नव्हतं. मामा मला नीट सांभाळेल असं मला वाटत नव्हतं. आणि त्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी तो मला पेपरला घेऊन येईल, यावर तर शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. मामाची थोरली मंगल माझ्याहून थोडीच मोठी. तिला आठवीतून काढलं होतं आणि आता तिच्या कडेवर पोर होतं. मला दहावीचे पेपर द्यायचे होते, पुढे शिकायचं होतं, आणि ते सगळं मी माझ्याच तोंडाने तीन वेळा घालवून बाहेर आले होते.

कारण मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

बालगृहाला आम्ही सगळ्याजणी ‘संस्था’ म्हणायचो. संस्थेत पाहुणे फार. कुणाच्या लेकाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, की माणसं आम्हाला जेवण घालायला यायची. आदल्या दिवशी केक, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांच्या नावाची खीर, असं आमचं चालायचं. जेवणाआधी आम्ही रांगेत उभ्या राहायचो आणि पाहुणे विचारायचे, “आवडतं का इथे?” आम्ही एका सुरात म्हणायचो, “होऽऽ.” “जेवण चांगलं मिळतं ना?” “होऽऽ.” “शिकून मोठं व्हायचं ना?” “होऽऽ.” एकदा सखू नावाच्या मुलीने मध्येच सांगितलं की भाजीत अळ्या निघतात. तिला कुणी मारलं नाही, रागावलंही नाही. फक्त ते पाहुणे पुन्हा आले नाहीत आणि आमचं रविवारचं गोडधोड बंद झालं. त्याचं खापर सगळ्या मुलींनी सखूच्या डोक्यावर फोडलं. तेव्हापासून सखूचा ‘हो’ सगळ्यांत मोठा.

समितीचे लोक आमच्या लेखी पाहुणेच होते.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. मी त्यावर बसले. मामाने त्याच्या हातातली कापडदुकानाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

“जरा धर ही. झेरॉक्स काडून आलो. खाली ठिवू नकोस पोरी, फरशी वली हाय.”

“हो,” मी म्हणाले.

तो दोन पावलं गेला आणि परत वळला. “भूक लागली आसंल तर सांग. भजी आणतो.”

मामा वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. माझी आई गेल्यावर, बाप आधीच परागंदा झालेला असताना, त्यानेच मला संस्थेत आणून सोडलं होतं आणि फाटकापाशी तो रडला होता. दर दिवाळीला माझं पत्र पोस्टाने जायचं आणि कधीमधी त्याचा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा यायचा. त्या सकाळी येताना त्याने मला विचारलं होतं, “मंगलच्या दिराला पायलंस का गं कदी? गुणाचा पोरगा हाय. ट्रॅक्टर चालवतो.” मी त्यालाही ‘हो’च म्हणाले होते. मी त्या दिराला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मामा कंजूष नव्हता, पण एका खेपेत दोन कामं उरकणारा होता. जिल्ह्याच्या गावी यायचंच आहे तर बाजारही करून टाकू, असा त्याचा हिशेब. पिशवी एका बाजूने उसवली होती. तिच्यातून हिरव्या पातळाचा काठ डोकावत होता आणि त्याच्यावर सराफाकडची गुलाबी कागदाची पुडी होती. पुडी अर्धी सुटली होती. मी ती बंद करायला गेले आणि आत काय आहे ते दिसलं.

जोडवी होती.

सोळा वर्षांच्या मुलीला घरी नेताना मामा जोडवी कशाला विकत घेईल, हे कळायला दहावी पास व्हावं लागत नाही. मी पुडी दुमडली आणि पिशवी घट्ट धरून बसले. आतल्या खोलीतून टाईपरायटरचा आवाज येत होता. प्रत्येक ओळ संपली की घंटी वाजायची.

अवताडे मॅडम बाहेर आल्या. “काय झालं गं? चेहरा का असा?”

“काही नाही मॅडम.”

त्या माझ्या शेजारी बसल्या. बाई कडक होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. पाहुण्यांपुढे त्याच आम्हाला रांगेत उभं करायच्या आणि रात्री त्याच तापलेल्या मुलीच्या उशाशी बसायच्या. “सकाळी सांगितलं होतं ना तुला, मनात असेल ते आत बोल म्हणून? तीन तीन वेळा हो म्हणालीस. आता मी कुठल्या तोंडाने सांगू की हिला जायचं नाही?”

मी मान खाली घातली. सांगायचं एवढंच होतं, की मॅडम, ही पिशवी बघा. ते चार शब्द मला जुळवता येत होते, म्हणता येत नव्हते. मोठ्या माणसाने एकदा ‘प्रश्न मिटला’ म्हटल्यावर आपण तो पुन्हा कसा उघडायचा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणजे, एका माणसाने शिकवलं होतं. पण ते गणितात.

तांबोळी सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी सायकलवरून संस्थेत यायचे आणि आठवी ते दहावीच्या आम्हा मुलींना फुकट गणित शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सात आठे चोपन्न. “बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं. आम्ही म्हणालो, “होऽऽ.” आणि वहीत उतरवून घेतलं.

सरांनी खडू खाली ठेवला. “तुमच्यापैकी किती जणींना दिसलं की हे चुकलंय?”

कुणी हात वर केला नाही. दिसलं सगळ्यांनाच होतं. पण सर नवे, वयस्क, पांढऱ्या शर्टातले. म्हाताऱ्या माणसाचं चुकलं असेल तर आपण कशाला बोला, आणि बोललं तर उद्यापासून येणार नाहीत, असा सगळ्यांच्या मनात एकच विचार.

“बरं,” सर म्हणाले. “उद्यापासून मी रोज एक चूक करणार, मुद्दाम. जिला दिसेल तिने उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘नाही सर, चूक.’ चूक निघाल्याशिवाय तास सुटणार नाही. जेवणाची घंटा झाली तरी नाही. आणि चूक म्हणून खाली बसायचं नाही. कुठल्या पायरीला चुकलं, ते दाखवायचं.”

ते चूक करायचे तेव्हा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे, जणू त्या फळ्याशी त्यांचा काही संबंधच नाही. पहिले काही दिवस आम्ही भुकेल्या बसून राहिलो. शेवटी एके दिवशी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मी उठले. माझा आवाज इतका बारीक निघाला की सर म्हणाले, “मांजर आलं का कुठून?” मुली खो खो हसल्या. मी पुन्हा म्हणाले, “नाही सर. चूक.” त्या दिवसापासून ते काम जवळजवळ माझ्याचकडे आलं. आता मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात आहे. साहेबांनी पाइपलाइनचा उतार चुकीचा सांगितला की मी उभी राहते. त्यापायी माझ्या दोन बदल्या झाल्या आहेत.

पण ते पुढे. त्या दिवशी फळा नव्हता, आणि उभं राहायचं कुठे ते मला ठाऊक नव्हतं.

सर व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. शाळेतून माझं हॉल तिकीट घेऊन ते सायकलवर आले होते आणि शिपायाने त्यांना तिथेच थोपवलं होतं. ते संस्थेचे नोकर नव्हते की माझे नातेवाईक नव्हते. अवताडे मॅडमनी त्यांना हात करून बोलावलं.

“काय ठरलं?” सरांनी विचारलं.

“जाते म्हणाली,” मॅडम म्हणाल्या.

सर माझ्यासमोर वाकले. “कालिंदा, जायचंय तुला?”

“हो सर.”

“नक्की?”

“हो.”

मला माझाच इतका राग आला की डोळे भरून आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवी आवळून धरलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं. मग ते सरळ उभे राहिले.

“मॅडम, मला आत दोन मिनिटं मिळवून द्या,” ते अवताडे मॅडमना म्हणाले. “आणि आता हिला कुणीही काही विचारू नका.”

मामा झेरॉक्स घेऊन आला तोवर आत बोलावणं झालं होतं. टाईप केलेला कागद निंबर्गी मॅडमच्या पुढ्यात होता. बाकीचे दोघे सदस्य जेवणाच्या सुट्टीची वाट बघत घड्याळाकडे नजर टाकत होते. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. पिशवी माझ्याच मांडीवर राहिली.

“आपण कोण?” निंबर्गी मॅडमनी विचारलं.

“मी तांबोळी. संस्थेत संध्याकाळी गणित शिकवतो. या मुलीबद्दल थोडं सांगायचं होतं.”

“बोला. पण थोडक्यात.” त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सरांनी घसा साफ केला. “मुलगी अभ्यासात बेताची आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी बिघडलंय. बेताची! सराव परीक्षेत गणितात माझ्यापुढे शाळेत कुणी नव्हतं. सरांनी स्वतः सगळ्या मुलींना चिवडा वाटला होता. अवताडे मॅडम गर्रकन त्यांच्याकडे वळल्या.

“दहावीचंही तिला फारसं पडलेलं नाही,” सर शांतपणे पुढे म्हणाले. “यंदा नाही तर पुढच्या वर्षी देईल. नाही दिली तरी काही बिघडत नाही.”

“त्येच म्हनतोय म्या,” मामा खूश होऊन म्हणाला. “सर शाने हायत.”

मी सरांकडे बघत राहिले. संस्थेत आल्यापासून मी ज्या एका माणसावर भरवसा टाकला होता, तो माणूस माझ्यासमोर मला विकत होता. दुसरा शब्दच नाही त्याला.

“तांबोळी सर,” निंबर्गी मॅडमच्या कपाळावर आठी पडली, “मग तुम्ही सांगायला काय आलात? मला आदेशावर सही करायचीय.”

“एवढंच, की मामाकडे जायला ही मुलगी मनापासून खूश आहे.”

हे म्हणताना सरांनी चष्मा काढला. शर्टाचं टोक बाहेर ओढलं आणि काचा पुसायला लागले. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर एक लिंबाचं झाड आणि उन्हात तापलेल्या दोन जीपगाड्या, बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

निंबर्गी मॅडमनी पेन कागदावर टेकवलं.

सर काचा पुसतच होते. पुसून पुसून त्या कधीच स्वच्छ झाल्या असतील.

माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा मला कळलं की मी उभी राहिलेय.

“नाही सर,” मी म्हणाले.

आवाज पुन्हा त्या मांजरीचा. कुणाला ऐकू गेला की नाही कोण जाणे. सर खिडकीबाहेरच बघत होते.

“नाही सर! चूक!”

पेन थांबलं. मामा म्हणाला, “आगं, आगं...”

“कुठे?” सरांनी विचारलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “चूक म्हणून खाली बसायचं नाही. पायरी दाखव.”

“तिन्ही चूक. मी बेताची नाही. मला दहावी यंदाच द्यायचीय.” मी टेबलापाशी गेले आणि पिशवी त्या टाईप केलेल्या कागदावरच ठेवली. हिरवं पातळ बाहेर काढलं, मग खण, मग ती पुडी. घाईत पुडी फाटली आणि जोडवी टेबलाच्या काचेवर पडली. “आणि मी खूश नाही. मामा मला मंगलताईच्या दिराशी लग्न लावायला नेतोय. मला नाही जायचं. मला पेपर द्यायचाय.”

एक जोडवं गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. निंबर्गी मॅडमनी ते बोटाने अडवलं.

“भानुदास, हे काय आहे?”

“मामीसाठी घेतलंय,” मामा म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. “खोटं कशाला बोलू, बाईसाहेब. पोरगी वाऱ्यावर पडू नये म्हून करत हुतो. अठरा सरली की ही संस्था तिला ठिवनार हाय का? तवा कुटं जाईल ती? इचारा की ह्यास्नी.”

अवताडे मॅडमनी खाली पाहिलं.

“ती कुठे जाईल ते तिच्या शिक्षणावर ठरेल,” निंबर्गी मॅडम म्हणाल्या. “आणि ती सोय बघणं आमचं काम आहे. सोळाव्या वर्षी लग्न लावणं गुन्हा आहे, एवढं मात्र आजच लिहून घ्या डोक्यात. तुम्ही थांबा, तुमच्याशी बोलायचंय.” त्यांनी टाईप केलेल्या कागदावर आडवी रेघ मारली. मग पेनला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मघाचं ते हसू आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या नीट, सावकाश बोलल्या.

“कालिंदा, परीक्षा होईपर्यंत आणि त्यानंतरही संस्थेतच राहायचं, असं तुला स्वतःला वाटतं का?”

या वेळी मी प्रश्न पूर्ण होऊ दिला. ‘का’ संपल्यावरसुद्धा क्षणभर थांबले.

“हो,” मी म्हणाले.

मॅडमचं बोलणं ऐकून बाहेर आल्यावर मामाने पातळाची घडी पुन्हा नीट घातली. त्याला जमत नव्हती, म्हणून मी काठ धरला. त्याने खिशातून पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. मामीने केलेले लाडू होते. “पेपर नीट दे,” तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. मला त्याची कीव आली आणि सुटल्याचा आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे मी तिथेच भोकाड पसरलं. अवताडे मॅडमनी मला जवळ घेतलं. त्यांच्याही नाकाचा शेंडा लाल झाला होता.

आम्ही खाली उतरलो तेव्हा सर सायकलचं कुलूप काढत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “हॉल तिकीट सांभाळून ठेव. आणि संध्याकाळी तासाला वेळेवर बस.”

संध्याकाळी नेहमीसारखा तास झाला. सरांनी फळ्यावर एकामागून एक समीकरणं सोडवली. समितीत काय घडलं हे मुलींना अजून ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे डोळे फळ्यावर, आजची चूक कुठे लपलीय ते शोधत. सखू दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. जेवणाची घंटा झाली. खालून आमटीचा वास यायला लागला.

“सर, सापडत नाही,” सखू रडकुंडीला आली. “सगळं बरोबरच दिसतंय.”

“सगळं बरोबरच आहे,” सर म्हणाले. त्यांनी हातावरची खडूची पूड झटकली. “आजची चूक दुपारीच निघाली. कालिंदानं काढली. जा, जेवून घ्या.”